सुनेचं पान

कुटुंब अनंतकाळ टिकतं, यावर अमेरिकेच्या युटा राज्यातल्या लावॉनबाईंची अढळ श्रद्धा होती. म्हणून तर त्यांनी आठवणींच्या वहीत आपल्या मुलाचे, डॅलिनचे दुधाचे दात, पहिली नखं आणि वाळलेली नाळसुद्धा पक्क्या गोंदाने चिकटवली होती, शिवाय भोवती कागदी फुलं आणि चमकी. महिन्यापूर्वी सून झालेल्या ब्रिएलने ते बघून वही जरा लांब धरली. पण पुढचं पान तिचं होतं, म्हणून तिने वही मिटली नाही. पान उलटलं, तर तिचा फोटो घरंगळून मांडीवर पडला.

"मॉम, माझा सुटलाय वाटतं. गोंद देता?"

"छे गं, सुनांना मी गोंद लावत नाही. कागदी कोपऱ्यांत अडकवते नुसतं."



लावॉनबाईंनी फोटो परत कोपऱ्यांत अडकवला. "मागच्या सुनेला खरवडून काढताना आमच्या डॅलिनचा कान फाटला होता."