चॉकलेटच्या डब्यातले निळे पंप

दवाखान्यातल्या ज्यांनी अर्नेस्टचं औषध बंद केलं, त्यांनी गेल्या दीड वर्षात त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. एक मेसेज धाडला आणि मोकळे झाले. दम्याच्या तपासणीला या, नाहीतर पंप मिळणार नाही. ज्या फोनवर तो गेला तो फोन कपाटावर बंद पडून होता, हे बघायची तसदी कुणी घेतली नाही. तारीख चुकली, बटण दाबलं गेलं. आपण दाबलेल्या बटणाने एका म्हाताऱ्याचा श्वास अडेल, एवढंही त्या खुर्चीतल्या माणसाला कळत नसेल?

नॉर्माला कळत होतं. म्हणून तिने आपल्यापुरता मार्ग काढला होता. आज सकाळी इंग्लंडमधल्या फ्लीटवुड गावातल्या औषधाच्या दुकानात ती काउंटरवर नाताळातला चॉकलेटचा डबा ठेवून उभी होती.

"रिकामे आहेत," ती म्हणाली. "कचऱ्यात टाकायचे नसतात ना? तुम्ही परत घेता म्हणे."

फार्मासिस्ट ब्रोनाने झाकण काढलं. आत निळे पंप, सहा. सगळ्यांवर स्पॅनिश अक्षरं.

"नॉर्मा, किती दिवसांतले हे?"

"ईस्टरनंतरचे. दोनेक महिन्यांतले." बाहेर जूनचं ऊन पडलं होतं. "आमच्या गल्लीतलं कुणी ना कुणी स्पेनला ऊन खायला जातंच. तिथे समुद्राकाठी एक दुकान आहे. मागितला की देतात, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. पूर्वी लोक सिगारेटी आणायचे, आता आमच्या म्हाताऱ्याचे पंप आणतात. शेजारची पामेला तर मोज्यांत खुपसून आणते."

"आणि तपकिरी पंप? तो कोण आणतं?"

"तो काय कामाचा? ओढला काय नि नाही ओढला काय, त्याला फरकच कळत नाही. निळा कसा, ओढला की लगेच मोकळं वाटतं. तपकिरीसाठी पामेलाच्या मोज्यांत जागा कशाला अडवू?"

ब्रोना हसली नाही. नॉर्माला ते खटकलं. पामेलाच्या मोज्यांवर सगळे हसायचे.

काउंटरमागून बाहेर येऊन ब्रोना तिच्याजवळ उभी राहिली. आवाज खाली आणून म्हणाली, "निळा श्वासनळी तेवढ्यापुरती उघडतो. आतली सूज त्याने जात नाही. सूज उतरवायची ती तपकिरीने, रोज थोडी थोडी, म्हणून तर त्याचं काम कळत नाही. निळ्याने बरं वाटत राहतं आणि आत सूज वाढत जाते. मग एक दिवस निळाही लागू पडत नाही."

नॉर्मा डब्याकडे बघत राहिली. एकेक पंप तिने आठवणीने मागवला होता. कोण कधी निघतंय, हे विचारत दारोदार फिरली होती.

"म्हणजे पोरी, मीच त्याला..."

"तुम्ही नाही. तुम्ही एकट्याच तर त्याच्या पाठीशी होतात. पण इथे घेतले असते, तर तिसऱ्या पंपालाच मी तुम्हाला अडवलं असतं. तिथे दर वेळी नवीन माणूस जातो. सहा झाले, हे त्यांना कसं कळणार?" तिने दाराकडे पाहिलं. "कुठे आहे अर्नेस्ट?"

अर्नेस्ट बाहेर बाकावर कुत्र्यापाशी बसला होता. आत आला, दारातच थांबला.

"काय गं," तो म्हणाला. श्वास घेतला. "पकडलं का... स्मगलरबाईला?"

"बस गप्प," नॉर्मा म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ब्रोनाने त्याला श्वासाचा जोर मोजायच्या, काटा असलेल्या एका नळीत फुंकायला सांगितलं. त्याने गाल फुगवून फुंकलं. काटा निम्म्यावरही गेला नाही. पुन्हा फुंकलं, आणखी खाली.

तेवढ्यात बाहेर कुत्रा भुंकायला लागला. अर्नेस्टने सवयीने ओठ जुळवले. नुसती हवा आली. नॉर्माने खिडकीशी जाऊन शीळ घातली, तेव्हा कुत्रा गप्प बसला. गेले दोन महिने तीच घालत होती. नव्या कवळीमुळे शीळ येत नाही, असं तो म्हणाला होता, आणि तिने ते खरं मानलं होतं.

"कवळी," ती म्हणाली.

अर्नेस्टने मान खाली घातली. "तू... काळजी करत बसली असतीस."

तपकिरी पंप ब्रोनाने स्वतःच्या अधिकारात दिला. कसा ओढायचा ते दाखवलं, दोनदा करून घेतलं. "पण एवढ्यावर भागणार नाही. डॉक्टरांनी आजच छाती तपासायला हवी." तिने दवाखान्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून काउंटरवर ठेवला. तुमचा नंबर सोळावा आहे, असं फोन म्हणाला आणि गाणं वाजवू लागला. तिघं ते गाणं ऐकत उभी राहिली. गाणं चार वेळा संपलं.

मग एक बाई बोलली. ब्रोनाने सगळं सांगितलं.

"नोंद आहे," बाई म्हणाली. "तपासणीला ते आले नव्हते. आता पुढची वेळ पाच आठवड्यांनी."

ब्रोना काही बोलणार, तेवढ्यात नॉर्माने फोन उचलला. दुसऱ्या हाताने अर्नेस्टच्या स्वेटरची वरची दोन बटणं काढली आणि फोन त्याच्या छातीला लावला.

"घे श्वास," ती त्याला म्हणाली. "हळू घे. घाई नाही."

त्याच्या छातीतून एक बारीक शीळ आली, श्वासाबरोबर आत गेली, पुन्हा बाहेर आली. ओठांवरून हरवलेली ती इथे येऊन बसली होती.

नॉर्माने ती त्या बाईला पोटभर ऐकू दिली. मग फोन कानाला लावला.

"हा अर्नेस्ट," ती म्हणाली. "आता सांगा. आज किती वाजता?"