दगडातली शेपटी

शेपटी फारच सुंदर उतरली होती, आणि तिथंच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

संग्रहालयाच्या तळघरात नवरा-बायको एकाच टेबलाशी काम करत. तो दगड कोरून आतले जीवाश्म मोकळे करायचा, ती तडे सांधायची. या खेपेचा मासा डोंगरातून आला होता; तो डोंगर कोणे एके काळी समुद्राचा तळ होता. हाडही करडं, दगडही करडा. अख्खा हिवाळा तो या माशावर वाकून बसला होता. उद्या सकाळी संशोधक बाई येणार, मोजमापं घेणार आणि असा मासा आजवर कुणी पाहिला नव्हता म्हणून जगाला सांगणार.

"सुटलो एकदाचा," तो म्हणाला आणि त्यानं हवेवर चालणारी बारीक छिन्नी बंद केली. "पाठीचं नुसतं लाकूड झालंय. तू एकदा नजर टाक, की निघू घरी."

तिलाही घरीच जायचं होतं. दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. तरी तिनं भिंग डोळ्याला लावलं. शेपटीचे काटे सारख्या अंतरावर, सारख्या जाडीचे, छान पसरलेले. बाकीचा मासा मात्र चेंगरलेला, बरगड्या एकीवर एक पडलेल्या. मरताना कुणी इतकं नीटनेटकं मरत नाही.

तिनं खोलीतला दिवा घालवला आणि जांभळा दिवा लावला. त्याच्या उजेडात हाड चमकतं, दगड काळाच राहतो. डोकं चमकलं, कणा चमकला. शेपटीच्या मुळाशी चमक संपली. पुढं नुसता काळोख.

म्हणजे शेपटी नव्हतीच. दगडाचीच त्यानं शेपटी केली होती. लबाडीनं नव्हे; लबाडी त्याला जमती तर दोघांचा संसार जरा सोपा झाला असता. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, या कामात ते दगडातही दिसतं. माशाला शेपटी असते हे हाताला ठाऊक असतं, आणि डोळे थकले की हात आपल्याच मनानं पुढं जातो. नव्या माणसांना पहिल्याच दिवशी तो हेच बजावायचा. डोळे दाखवून घ्या म्हणून ती दोन वर्षं त्याच्या मागं लागली होती. पालथ्या घड्यावर पाणी.

गप्प बसता आलं असतं. बाईंनी शेपटीही मोजली असती, ती छापूनही आली असती. पण कधी ना कधी कुणीतरी दुसऱ्यानं असाच दिवा लावला असता आणि ह्याच्या तोंडात शेण घातलं असतं. सांगावं, तर पुन्हा छिन्नी हातात धरेल की नाही कोण जाणे. कामाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. तिला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला.

"का गं, गप्प का? तडा गेलाय का कुठं?"

"अहो, जरा इकडे या."

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"दिवा नीट धर."

"नीटच धरलाय."

त्यानं बोटाचं टोक त्या काळ्या काट्यांवरून फिरवलं. "मला दिसत होती गं," तो म्हणाला. "एकेक काटा दिसत होता."

"माहीत आहे मला."

तिनं खोलीतला दिवा लावला आणि घाईघाईनं आवराआवर सुरू केली. "खाल्ली असेल कुणीतरी तेव्हाच. समुद्रात काय, मोठा छोट्याला खातो. सकाळी आपणच बाईंना सांगू, चूक झाली म्हणून. बिनशेपटीचा तर बिनशेपटीचा. डोकं थोडंच उडवणार आहेत? चला आता."

तो स्टुलावरून उठला नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला.

"चूक एवढी एकच असेल कशावरून?" त्यानं विचारलं.

मघाशी तिलाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याला तो पडायच्या आत तिला त्याला घरी न्यायचं होतं. दोन वर्षांत त्याच्या हातून किती दगड गेले होते. सगळे वरच्या दालनात, काचेच्या पेट्यांत, नावाच्या पाट्या लावून मांडलेले.

त्यानं जांभळ्या दिव्याची वायर गुंडाळली. "पहारेकऱ्याला म्हणावं, दालन एवढ्यात बंद करू नकोस. पेट्याही उघडाव्या लागतील."

"आजच? अहो, दमलाय तुम्ही."

"दमलो होतो म्हणूनच तर झालं हे."

जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो कठड्याला धरून थांबला. तिनं त्याच्या हातातून दिवा काढून घेतला. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"कुठून सुरुवात करायची?"

"कासवापासून," तो म्हणाला. "संग्रहालयाच्या तिकिटावर छापलंय ते."