पक्की शाई

"रंगीत नको. फोटो छापायचाच नाहीये," सालेहा खाला म्हणाली. "नुसती अक्षरं. पण भरभर निघायला हवीत. पहाटेच्या लाँच धक्क्याला लागायच्या आत मला सदरघाट गाठायचा असतो."

तौसीफनं काउंटरवर दोन प्रिंटर मांडले. नीलखेतच्या बाजारात त्याच्या दुकानाची एक शिस्त होती. धूळ यंत्रात जाते म्हणून चपला दाराबाहेर काढायच्या. तो स्वतः बारा महिने मोजे घालून बसायचा आणि शेजारचा बाइंडर मोजाम्मेल त्याला त्यावरून नवाब म्हणायचा. खालाच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटले होते.

"लेझर चपळ असतो, खाला. पण तुमच्या वस्तीत सारखी वीज जाते. बॅटरीवर तो चालायचा नाही. हा टाकीवाला घ्या. शाई संपली की बाटलीतून ओतायची, बास. काळ्या अक्षरांना हा पळतो."

"आणि मजकूर? मला लिहिता येत नाही रे, बाबा."

"सांगा. मी टाईप करतो."

खालानं डोळे मिटले. तिला सगळं पाठ होतं. "हरवला आहे. नाव टुनू. ईदच्या गर्दीत सदरघाटावर हात सुटला, तेव्हा पाच वर्षांचा. अंगात लाल स्वेटर. र म्हणता यायचा नाही. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. कोंबडीला भ्यायचा. हाक मारली की आधी हसायचा, मग यायचा."

"फोटो एकही नाही?"

"मेघना नदीनं घर नेलं. ट्रंकेसकट."

तौसीफची बोटं मधेच थांबली होती.

"वीज गेली का?"

"नाही. एक अक्षर सापडत नव्हतं." "किती वर्षं झाली, खाला?"

"सव्वीस. आता टक्कलही पडलं असेल मेल्याला," ती म्हणाली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

त्यानंतर दर आठवड्याला ती रिकामी बाटली घेऊन यायला लागली. तिचं एकच पालुपद. "पक्कीच भर हं. पाऊस आला तरी टिकली पाहिजे."

"पक्कीच भरतोय," असं म्हणत तौसीफ पाठ फिरवायचा आणि कोपऱ्यातल्या मोठ्या कॅनमधून बाटली भरायचा. त्या कॅनमध्ये कच्ची शाई होती. थेंबभर पाण्यानंही ती पसरायची.

एकदा मोजाम्मेलनं ते पाहिलं. खाला वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो दुकानात आला.

"कुणाच्या टाळूवरचं लोणी खातोस रे, नवाब? तिच्या बाटलीतही हात मारायचा?"

"मी तिच्याकडून शाईचे पैसे घेतच नाही."

"मग हा काय प्रकार?"

तौसीफनं कॅनचं झाकण घट्ट केलं. "मागे एका हरामखोरानं तिला फोन केला. टुनू चितगावला सापडला म्हणाला. हिनं कानातलं विकून भाडं धाडलं. दोन दिवस स्टेशनच्या फाटकाशी बसून होती. कागद जितके दिवस भिंतीवर, तितके दिवस असले लांडगे येणार. एका पावसात धुऊन गेला की सुटली."

"मग तोंडावर सांग ना तिला. म्हणावं, सोड नाद."

"सांगवत नाही."

"मऊ आहेस लेका," मोजाम्मेल म्हणाला आणि पुढच्या खेपेपासून खालासाठी चहा सांगायला लागला.

श्रावणात नीलखेत तुंबलं. गुडघाभर पाण्यातून खाला आली. तिच्या हातात भिंतीवरून सोलून आणलेला कागद होता. वरपासून खालपर्यंत नुसते काळे ओघळ.

"बघ, बाबा. एका रात्रीत टुनू वाहून गेला."

तौसीफनं कागद हातात घेतला. त्याला तिच्याकडे बघवेना. "कागद हलका आहे, खाला. शाई तरी काय करणार?"

तिनं लगेच मान डोलावली. "माझंच चुकलं. काटकसर केली मी. आता एक वेळचा भात सोडीन, पण कागद चांगला आणीन."

तौसीफ काहीतरी बोलणार होता. ओठही हलले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"निघालोच, आम्मा. हो, हो. दुकानातच आहे."

"आई का?" खालानं विचारलं.

"जरा उशीर झाला की फोन येतो. लहानपणापासून तेच. नजरेआड होऊ देत नाही."

"होऊ देऊच नये," खाला म्हणाली. "जा. आईला असं ताटकळत ठेवू नये." तिनं हात वर करून त्याच्या गालावरून फिरवला. बोटांची शाई गालाला लागली, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. तौसीफनं तिची बाटली भरून दिली. नेहमीच्याच कॅनमधून.

घरी आम्मा दारातच पाट टाकून बसली होती. सदरघाटावर तांदळाचे वाफाळते भापा पिठे विकून तिनं त्याला वाढवलं होतं. आता गुडघे गेले होते आणि तौसीफवाचून तिला दुसरं कुणी नव्हतं.

"गालाला काय रे हे?"

"शाई. पाण्यानं जाईल."

"बस इथं. भिजलास किती." तिनं त्याचे चिंब मोजे ओढून काढले आणि पदरानं पावलं टिपायला घेतली, आधी उजवं, मग डावं, जुळलेल्या दोन बोटांसकट.