माझी तारीख सतरा

एकतिसावा अर्जही तसाच निघाला, तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, हे बघा. अक्षरं वेगळी, शाई वेगळी, वाक्य एकच."

आत्महत्या रोखण्याच्या राष्ट्रीय आराखड्यावर लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. आलेल्या ढिगातून खरं-खोटं निवडणं हे तिचं काम. ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत, आणि तिला ते आवडायचं. पंचवीस जणांनी आपापल्या मनाने सुचवलेला मुद्दा आराखड्यात घ्यावाच लागे. एकाने सांगून बाकीच्यांनी गिरवला असेल, तर सगळे अर्ज बाद.

'काय केल्याने जीव वाचेल?' या प्रश्नाखाली या एकतीस जणांनी लिहिलं होतं, 'महिन्यातून एकदा माणसाने दार वाजवावं. उघडेपर्यंत वाजवावं. माझी तारीख सतरा.' बदलत होती ती फक्त तारीख. एक ते एकतीस, एकही गाळलेली नाही, एकही दोनदा नाही. सगळे एकाच गल्लीतले.

"मीटरवाले," साहेब म्हणाले. "नवे वीजमीटर ऑफिसात बसून वाचता येतात. पाच महिन्यांपूर्वी सगळ्या मीटरवाल्यांना घरी बसवलं. आता घरोघरी माणूस पाठवा म्हणून मागच्या दाराने येतायत. टाक बाद."

"एकदा बघून येते. संध्याकाळी शेरा मारते."

खरं तर पुरावा तिच्या हाती होताच. मीटरवाला एका दिवसात अख्खी गल्ली उरकतो. इथे प्रत्येक घराची तारीख निराळी! लबाडी करणाऱ्यांनी एवढाही विचार केला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं. एकतीस तारीख त्याची.

"एकतीसच का?"

"बाकीच्या सगळ्यांनी आधीच उचलल्या," तो सुईत दोरा ओवत म्हणाला. "बायको म्हणते, आळशी माणसाला बरोबर मिळाली. वर्षातून सातदाच येते."

"उचलल्या म्हणजे? वाटल्या कोणी?"

दोरा निसटला. "ते बाईंना विचारा. निळं दार."

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांनी तिला बसा म्हटलं नाही.

"वाक्य तुम्ही सांगितलंत?"

"लिहून दिलं. शुद्धलेखनाला सगळेच कच्चे."

"म्हणजे कबूल करताय?"

"चोरी केलीय का, कबूल करायला?"

"मीटरवाल्याच्या सांगण्यावरून?"

बाईंचा चेहरा आक्रसला. "त्याचं नाव एकाही अर्जावर नाही. तुमच्या फायलीत मी ते येऊ देणार नाही."

चाळणीने पेन उघडलं. नेम बरोबर लागला होता. "म्हणजे तो याच गल्लीत राहतो."

"टोकाला. एकटाच."

"मला भेटायचंय त्याला."

बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग पायात चपला सरकवल्या. "चला. मी तशीही निघालेच होते. पण तिथे तोंड उघडायचं नाही. तो मला बोलेल, बोलू दे."

वाटेत चाळणीने मनातल्या मनात शेरा लिहूनही टाकला. संगनमत. एकतीसच्या एकतीस अर्ज बाद.

टोकाच्या घराच्या खिडक्या भरदुपारी बंद होत्या. बाईंनी कडी वाजवली. थांबल्या. पुन्हा वाजवली. आतून हूं की चूं नाही.

"लपलाय," चाळणी पुटपुटली. "कळलं असणार त्याला, मी आलेय ते."

बाई कडी वाजवत राहिल्या. एका हाताला कळ लागली, तेव्हा दुसऱ्या हाताने. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली, हातातलं ओलं कापड तसंच गळत ठेवून.

मग आत खाट करकरली. दार वीतभर उघडलं.

"आहे हो बाई, आहे अजून," दाढी वाढलेला माणूस कावून म्हणाला. "काल न्हाव्याची सोळा, आज तुमची सतरा. नोकरी गेली माझी, आणि लागली अख्ख्या गल्लीला!"