हवा बंद

रिबिनींच्या काउंटरमागे स्टुलावर टेकलेल्या पोरीला मॅनेजरने उठवलं. सातवा महिना होता तिला. एक हात पोटावर धरून ती गडबडीने उभी राहिली, तसं त्याने स्टूल उचललं आणि गोदामात नेऊन टाकलं.

"दुकानात गिऱ्हाईक बसतं. आपण नाही."

माळ्यावरच्या काचेच्या खोलीतून कॅशियरबाईंनी हे पाहिलं. दुकानातल्या प्रत्येक काउंटरपासून पितळेची एक नळी या खोलीत येत असे. खालच्यांनी पैसे डबीत घालून नळीत सोडायचे, यंत्राची हवा ती डबी सुर्रकन वर ओढून टोपलीत टाकायची. पावती आणि सुटे पैसे घालून बाई ती परत धाडायच्या. यंत्राची घरघर सकाळी सुरू व्हायची ती दुकान मिटेपर्यंत. कुणाच्या कानाला ती आता जाणवतही नसे.

बाईंनी हात लांब करून बटण दाबलं.

घरघर थांबली. कापड फाडणाऱ्याची कात्री मधेच अडकली. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"बाई, काय बिघडलं?" मॅनेजर खालून ओरडला.

बाईंनी काच सरकवली. "यंत्र ठणठणीत आहे. त्या पोरीचं स्टूल जागेवर आलं की सुरू करते."

कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर मालकांना बोलवायला धावला. सुट्या पैशांसाठी खोळंबलेली गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. तळहात रुमालाला पुसून बाई ताठ बसून राहिल्या.

मालक धापा टाकत जिना चढून आले. "हे काय मांडलंय? आज एकीला स्टूल दिलं तर उद्या सगळेच मागतील."

"मागतीलच. पाय सगळ्यांनाच आहेत."

"उद्यापासून घरी बसा तुम्ही!"

"मला घरी बसवायला तयार आहात, मग तिला इथं बसू द्यायला काय जातंय तुमचं?"

मालकांनी तरातरा पुढे होऊन स्वतःच बटण दाबलं. नळ्या पुन्हा घुमू लागल्या. "बघितलंत? झालं सुरू. तुमच्या मर्जीवर नाही चालत माझं दुकान."

तेवढ्यात टोपलीत एक डबी आदळली. मालकांनी झाकण फिरवलं. आत काहीच नव्हतं. दुसरी आली, बटणांच्या काउंटरवरून. तीही रिकामी. मग शर्टांची, अस्तरांची, लोकरीची. डब्या आदळत राहिल्या आणि मालक झाकणं उघडत राहिले.

शेवटी त्यांनी काचेतून खाली वाकून पाहिलं. जो तो आपापल्या काउंटरमागे फरशीवर मांडी घालून बसला होता. रिबिनींपाशी कुणीतरी पडद्याच्या कापडाचा गठ्ठा आणून टाकला होता आणि ती पोरगी त्यावर पाय लांब सोडून टेकली होती. उभा होता तो एकटा मॅनेजर, आणि आता बसावं की उभं राहावं, हे त्याला कळत नव्हतं.