पूल ठणठणीत आहे

नव्या महापौरबाई पहिल्याच आठवड्यात पालिकेच्या अभियंत्याला घेऊन नदीवरच्या जुन्या पुलाखाली उतरल्या. मधल्या खांबाला पडलेल्या भेगेत त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"आधीच्या महापौरांना सांगितलं नव्हतं का तुम्ही?"

"सगळ्यांना सांगितलं, मॅडम. इथेच आणून दाखवलं. प्रत्येकाने मान हलवली आणि पुढच्याच्या गळ्यात घातलं."

"माणसं होती की दगड?" बाई भडकल्या. "पूल आजच्या आज बंद करा."

दुपारी त्यांचं दालन माणसांनी भरून गेलं. पूल बंद झाला तर पलीकडचा बाजार बसेल, असं व्यापारी काकुळतीने सांगत होते. बाईंच्याच पक्षाचे नगरसेवक मात्र आडपडदा न ठेवता बोलले.

"पूल बंद, तर आमचा पाठिंबाही बंद. याच खुर्चीतून आम्ही याआधी दोघांना उठवलंय."

संध्याकाळी बाईंनी पत्रकारांना बोलावलं आणि हसतमुखाने सांगितलं, "अफवांवर विश्वास ठेवू नका. पूल ठणठणीत आहे." शेजारी उभ्या अभियंत्याने मान वर केली नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि नवऱ्याला फोन केला.



"अहो, पोरीची शाळेची बस पुलावरूनच जाते ना? उद्यापासून तिला आपल्या गाडीने लांबच्या रस्त्याने सोडत जा, आणि बाकीच्या मुलांच्या आयांनी विचारलं, तर काही बोलू नका."