कवटीतली वाट

सुषमाने स्क्रीनवरचा स्कॅनचा काप मोठा केला आणि तिचा हात माउसवरच थांबला. रेष हाडातून बाहेर पडून सरळ दगडात शिरली होती.

कवटी माशाची, दगडात रुतलेली, चाळीस कोटी वर्षांपूर्वीची. हाडांचा सांगाडा असलेल्या अगदी सुरुवातीच्या माशांपैकी एकाची. दगड न फोडता तिचं स्कॅन झालं होतं आणि त्याचे अठराशे काप परदेशातल्या प्रयोगशाळेने सुषमाकडे पाठवले होते. तळेगावच्या फ्लॅटमध्ये एकटीने बसून ती दीड वर्ष एकेका कापातलं हाड रंगवत होती. गेल्या दिवाळीत मेंदूच्या पोकळीशेजारी तिला एक बारीक नळी दिसली. रक्तवाहिनीची वाट. इतक्या जुन्या माशात ती कुणालाच दिसली नव्हती. तिच्यावरच शोधनिबंध उभा राहिला. सोमवारी तो छापायला जाणार होता.

पण माशाची रक्तवाहिनी माशाबाहेर कशी जाईल?

कडेचे हे काप धूसर म्हणून तिने सोडून दिले होते. आता एकेक करून सगळे पाहिले. नळी नव्हतीच ती. भेग होती. मासा मेल्यावर कधीतरी दगडासकट तडकलेली.

हे काप पुन्हा कुणी उघडणार नव्हतं. सुषमा उठली, गॅलरीत गेली, परत आली. मग निबंध थांबवा म्हणून प्रयोगशाळेला चार ओळींची मेल लिहिली आणि न वाचताच पाठवून दिली.

घरात सांगायला कुणी नव्हतं. तिने कामशेतला वडिलांना, भिकाजींना फोन लावला.

"जय भीम, आबा. जेवलात?"

"जेवलो की. भर दुपारचा फोन? बरी हायेस न्हवं?"

"ती माशाच्या डोक्यातली वाट सांगितली होती ना, ती वाट नव्हती. नुसती भेग होती. माझंच चुकलं."

"त्या लोकास्नी कळलं?"

"मीच कळवलं. आत्ताच."

"मंग आता त्यो मासा कसा म्हनायचा?"

"होता तसाच, आबा."

"व्हय. त्याला काय त्याचं."

सुषमाला हसू आलं. पण विहारात, पारावर, दुकानात आबांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली होती ते तिला ठाऊक होतं.

"तुम्हाला आता लोक विचारतील."

"कोन इचारतंय?" भिकाजी म्हणाले. "कुनीच इचारलं न्हाई कदी. मीच आपला सांगत बसायचो. तेवढंच कुनाशी बोलनं व्हायचं."

सुषमाने स्क्रीन बंद केली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.